अकरा दिवस लॉगिन असलेला माणूस

या महिन्याच्या टपालात लॉगिनच्या नोंदींचेच प्रश्न जास्त आले, म्हणून सगळे एकत्र घेतो. या सदरात कमांड्स देवनागरीतच छापतात. ज्यांना त्या टाइप करायच्या आहेत त्यांना त्यांचं इंग्रजी स्पेलिंग ठाऊक असतंच, असं मी धरून चालतो.

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. मी मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात सिस्टीम अ‍ॅडमिन आहे. आमचा ईआरपी (कारखान्याच्या कारभाराचं सॉफ्टवेअर) लिनक्स सर्व्हरवर चालतो. नव्या मॅनेजरसाहेबांनी ओव्हरटाइमचा हिशोब ‘लास्ट’ कमांडच्या यादीवरून, म्हणजे कोण कधी लॉगिन झालं आणि कधी बाहेर पडलं या नोंदींवरून, करायला सुरुवात केली. त्यात स्टोअरमधले एक गृहस्थ सलग अकरा दिवस लॉगिन दिसतात. त्या दिवसांत ते पुतणीच्या लग्नाला कोल्हापूरला होते, रजेचा अर्ज माझ्यासमोर मंजूर झाला होता. साहेब म्हणतात, यांनी पासवर्ड कुणाला तरी दिला. डिस्पॅचच्या एका मुलाच्या नावावर शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ असे साडेएकोणचाळीस तास लागलेत. क्वालिटीच्या एका बाईंच्या नावापुढे ‘गॉन – नो लॉगआउट’ आहे, तेव्हा त्यांचे तास शून्य धरलेत आणि त्या माझ्यावर चिडल्या आहेत. संबंधित ओळी सोबतच्या कागदावर आहेत. सर्व्हर हॅक झालाय, की फाइल बिघडली आहे? — एक वाचक, वडोदरा

उत्तर : हॅक झाल्याचं या कागदावरून तरी दिसत नाही, आणि फाइलही ठणठणीत आहे. नोटिशीचा कागद टाइप झाला असेल तर तेवढा आधी थांबवा.

स्टोअरच्या गृहस्थांच्या नावावर तुमच्या कागदात दोन ओळी आहेत. साहेबांनी त्यांतली एकच वाचली. पहिली ओळ पीटीएस/4 ची, म्हणजे त्या क्रमांकाच्या आभासी टर्मिनलची. तिच्यात ऑफिसच्याच नेटवर्कमधला आयपी पत्ता आहे, 18:52 ला आत, 19:05 ला बाहेर, तेरा मिनिटं. दुसरी पीटीएस/5 ची. तिथे आयपीच्या जागी ‘टीमक्स’, कंसात 21874, मग टिंब, टक्क्याचं चिन्ह आणि शून्य. वेळ 18:54, आणि पुढे ‘स्टिल लॉग्ड इन’. ही दुसरी ओळ माणसाची नाहीच, टीमक्सची आहे. टीमक्स आणि स्क्रीन हे माणूस निघून गेल्यावरही त्याचं काम चालू ठेवणारे प्रोग्रॅम. टीमक्स किंवा स्क्रीन वापरणाऱ्याला त्यात उघडलेल्या प्रत्येक खिडकीसाठी एक वेगळं आभासी टर्मिनल मिळतं, आणि लिनक्सच्या बऱ्याच वितरणांत (वेगवेगळ्या अवतारांत) हा प्रोग्रॅम त्या टर्मिनलची लॉगिन-नोंदही स्वतःच करून टाकतो. गृहस्थांनी एखादं लांबलचक काम लावलं असणार, बहुधा स्टॉकचा डेटा चढवण्याचं. ते टीमक्समध्ये सोडून, डिटॅच करून, 19:05 ला ते घरी गेले. काम संपलं, पण खिडकी उघडीच राहिली. कंसातला 21874 हा टीमक्सच्या मूळ प्रोसेसचा (चालू प्रोग्रॅमचा) क्रमांक, म्हणजे पीआयडी. (स्क्रीन असता तर त्याच जागी अपूर्णविराम, टर्मिनलचं नाव आणि कॅपिटल ‘एस’ दिसला असता.)

माझ्या सांगण्यावर जाऊ नका, स्वतः पाहा. प्रोसेसची माहिती देणाऱ्या ‘पीएस’ला तो पीआयडी द्या आणि प्रोसेस सुरू झाल्याची पूर्ण तारीख मागा. त्या दिवशी 18:54 च्या आगेमागे सुरू झालेला टीमक्स निघाला की हे प्रकरण संपलं. तारीख पाहायला विसरू नका. लिनक्स पीआयडी पुन्हा पुन्हा वापरतं, त्यामुळे 21874 क्रमांकावर आज भलताच कुणी बसलेला असू शकतो. राहता राहिला पासवर्ड दिल्याचा संशय. सिस्टीमच्या नोंदी दाखवणाऱ्या ‘जर्नलसीटीएल’मध्ये एसएसएचच्या, म्हणजे नेटवर्कवरून होणाऱ्या लॉगिनच्या, ओळी काढा आणि त्या अकरा दिवसांत या नावाने एक तरी ‘अ‍ॅक्सेप्टेड’ आहे का ते बघा. एकही नसेल तर एसएसएचवाटे त्या नावाने कुणी आलेलं नाही. असेल, तर मात्र साहेबांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागेल.

आता डिस्पॅचचा मुलगा. त्याच्या ओळीत तुम्ही खूण केलेली नाही असा एक शब्द आहे : ‘क्रॅश’. शनिवार 17:40 पासून ‘क्रॅश’पर्यंत, एक दिवस पंधरा तास तीस मिनिटं. सर्व्हर नीट बंद न होता पडला की बाहेर पडण्याची नोंद करायला कुणी उरतच नाही. मग ‘लास्ट’ काय करतं? पुढच्या वेळी सर्व्हर सुरू झाल्याची नोंद शोधतं आणि तीच त्या माणसाची जाण्याची वेळ धरतं. तुमचा सर्व्हर शनिवारी कधीतरी पडला आणि सोमवारी 9:10 ला कुणीतरी सुरू केला. मधल्या वेळात तो मुलगा सूरसागर तलावाच्या काठावर सेव-उसळ खात असेल, ‘लास्ट’च्या लेखी तो कीबोर्डवरच. ‘लास्ट -एक्स’ चालवलंत की बंद-चालूच्या नोंदीही मध्ये दिसतील. शनिवारी ‘शटडाउन’ची ओळच सापडली नाही तर यूपीएसवाल्याला फोन करा. ओव्हरटाइमपेक्षा ती तक्रार मोठी आहे.

क्वालिटीच्या बाईंचं उलटं झालं. त्यांची प्रोसेस शिल्लक नाही, पण ती गेल्याची नोंदही नाही. असं बहुतेक वेळा होतं ते नोंद करणाऱ्या प्रोसेसलाच मध्येच मारलं गेल्यामुळे. एकतर मेमरी संपल्यावर कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, स्वतःच मारलेली असते, नाहीतर एखाद्या उत्साही माणसाने अडकलेलं सेशन ‘किल -9’ने उडवलेलं असतं. -9 मिळालेल्या प्रोसेसला आवराआवर करायला क्षणही मिळत नाही. साधा ‘किल’ द्या, किंवा सिस्टीमडी (सर्व्हरवरच्या सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) असेल तर ‘लॉगिनसीटीएल’ला ते सेशन संपवायला सांगा. बाईंना शून्य तास देणं हा तर अन्याय आहे. त्या किती वाजता गेल्या हे ही फाइल सांगूच शकत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण तुमच्या कागदावर मला ती दिसली. तीन-चार जणांची जाण्याची वेळ रोज आठ-सव्वाआठच्या आसपास आहे. त्यांना विचारा, सहा वाजता लॅपटॉप नुसता मिटून निघता का? मिटलेला लॅपटॉप सर्व्हरला ‘मी जातो’ असं सांगत नाही. जोडणी रिकामी असेल तर लिनक्स 7200 सेकंद थांबतं, मग 75-75 सेकंदांनी नऊ वेळा विचारपूस करतं आणि तेव्हा कुठे मान्य करतं की पलीकडे कुणी नाही. हे सगळं मिळून 2 तास 11 मिनिटं. म्हणजे सहाला गेलेला माणूस 8:11 ला गेला. रोज. साहेबांच्या पद्धतीने हा चोख ओव्हरटाइम. एसएसएचच्या सेटिंगमध्ये ‘क्लायंट अलाइव्ह इंटरव्हल’ मुळात शून्य असतं, ते 300 करा. ‘काउंट मॅक्स’ तीनच राहू द्या. मग पंधरा मिनिटांत छडा लागेल.

हे सगळं कळल्यावरही साहेब विचारतील की सर्व्हरलाच ठाऊक नाही तर कुणाला ठाऊक असणार? त्यांना एवढं समजावा. या फाइली म्हणजे सोसायटीच्या फाटकावरच्या वहीसारख्या. येणाऱ्याचं नाव वॉचमन लिहून घेतो, जाण्याचा रकाना बहुतेक कोरा, आणि मागच्या जिन्याने आलेल्याची तर नोंदच नाही. कर्नल स्वतः यांत काही लिहीत नाही. लॉगिन, एसएसएच, डेस्कटॉपची लॉगिन-खिडकी, टीमक्स, ज्याने त्याने आपापली ओळ लिहायची असा रिवाज आहे. ‘यूटीएमपी’त आत्ता आत कोण आहे ते, ‘डब्ल्यूटीएमपी’त आजवरचा इतिहास, ‘बीटीएमपी’त चुकलेले प्रयत्न, आणि ‘लास्टलॉग’मध्ये प्रत्येकाची शेवटची भेट. मागचा जिनाही खरोखरच आहे. एसएसएचवरून फाइली पाठवणाऱ्या एसएफटीपीने फाइल ढकलली किंवा एसएसएचने एकच कमांड चालवली, तर टर्मिनल उघडत नाही आणि ‘डब्ल्यूटीएमपी’त ओळ पडत नाही. दिवसभर एसएफटीपीने ड्रॉइंग्ज पाठवणारा तुमचा डिझाइनवाला ‘लास्ट’च्या हिशोबाने कामावर आलेलाच नसतो.

साहेब माझ्या वयाचे असतील तर त्यांचा विश्वास कुठून आला ते मला समजतं. नव्वदीच्या दशकात आपल्याकडच्या कारखान्यांत एससीओ युनिक्स असायचं, आणि टर्मिनलची वायर थेट माणसाच्या टेबलापर्यंत यायची. अमुक टीटीवाय (टर्मिनलचा क्रमांक) म्हणजे अकाउंट्सचं टेबल, तमुक म्हणजे गेटवरचं. तेव्हा ‘लास्ट’ची यादी हजेरीच्या बरीच जवळ जायची. आज पीटीएस/5 म्हणजे कुठलीच जागा नाही. एक सेशन संपलं की तोच आकडा दुसऱ्याला मिळतो.

साफसफाईबद्दल. ‘यूटीएमपी’ मेमरीतच असते, त्यामुळे रीबूट झालं की आपोआप पुसली जाते. रीबूट परवडत नसेल तर ‘यूटीएमपीडंप’ने तिचा मजकूर काढा, मेलेल्या ओळीचा प्रकार 7 असतो तो 8 करा, आणि ‘-आर’ देऊन परत भरा. हे करताना कुणी लॉगिन झालं तर त्याची ओळ जाते, म्हणून दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत करा. ‘डब्ल्यूटीएमपी’ला मात्र हात लावू नका. ओव्हरटाइमचा वाद सुरू असताना अ‍ॅडमिनने इतिहासाची फाइल दुरुस्त केली, हे उद्या कुणालाही समजावता येणार नाही. आजच तिची प्रत काढून ठेवा. बहुतेक ठिकाणी दर महिन्याला तिची अदलाबदल होते आणि जुनी एकच प्रत राहते. तुमचा अकरा दिवसांचा पुरावा त्यातच निघून जाईल.

आणि तासांचा हिशोब गेटच्या पंचिंग मशीनवरून करा. ते तुमच्याकडे आहे, असं तुम्हीच पत्राच्या शेवटी लिहिलंय!

प्रश्न : नव्या सर्व्हरवर स्थलांतर केल्यापासून आमच्या कार्यालयातले सगळे पहाटे 3:40, 3:50 ला लॉगिन होताना दिसतात. कार्यालय सव्वानऊला उघडतं. जुन्या नोंदीही नव्या फाइलीत आणल्या होत्या, त्यांच्या वेळाही बिघडल्या. परत दुरुस्त कशा करू? — लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : 3:40 मध्ये साडेपाच तास मिळवा. 9:10. म्हणजे पहिली मंडळी वेळेच्या आधी पाच मिनिटं येतात, कौतुक आहे. फाइलीत काहीच बिघडलेलं नाही. तिच्यात घड्याळाची वेळ लिहिलेली नसते, 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद असतात. त्यांची वेळ दाखवताना होते आणि तुमचा नवा सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेवर, ठेवलेला आहे. ‘टाइमडेटसीटीएल’ने टाइमझोन एशिया/कोलकाता करा. जुन्या-नव्या सगळ्या ओळी एकदम सरळ होतील.

फरक साडेपाच तासांऐवजी अकरा तासांचा दिसला तर रोग वेगळा. जुन्या पद्धतीने ‘टीझेड’ (टाइमझोनचं सेटिंग) हाताने लिहिताना तिथे ‘आयएसटी’नंतर उणे 5:30 लिहावं लागतं, अधिक नाही. पॉझिक्सची (युनिक्सच्या मानकाची) चिन्हं आपल्या समजुतीच्या बरोबर उलटी आहेत. अधिक लिहिलंत की तुम्ही ग्रिनिचच्या पश्चिमेला, अटलांटिकपलीकडे जाऊन बसता. एआयएक्स आणि एचपी-यूएक्स या युनिक्सच्या जुन्या मशीनवर हे हमखास सापडतं.

खरी बिघडलेली नोंद बहुतेक वेळा एकाच परिस्थितीत होते : मशीनचं स्वतःचं घड्याळ चुकीचं असताना सर्व्हर सुरू झाला आणि नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या एनटीपीने ते काही मिनिटांनी दुरुस्त केलं तर. त्या काही मिनिटांतल्या ओळींचे सेकंदच चुकीचे लिहिले जातात. मग सर्व्हर सुरू होण्याची वेळ एखाद्या लॉगिनच्याही नंतरची दिसू शकते. त्या तशाच सोडा आणि मदरबोर्डवरची बॅटरी बदला.

प्रश्न : काका, मी इंदूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात आहे. लॅबच्या सर्व्हरवर आम्ही दोघं देशपांडे, माझ्या लॉगिनमध्ये शेवटी एम, त्याच्यात एस. रात्री कुणीतरी सर्व्हरवर गेम चालवला आणि ‘लास्ट’मध्ये नाव माझं आलं. मी तेव्हा हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवत होतो. सर ऐकत नाहीत. — एक विद्यार्थी

उत्तर : तुझं नाव आलेलंच नाही. ‘लास्ट’ पहिली आठच इंग्रजी अक्षरं दाखवतं, आणि तुम्हा दोघांच्या नावातली पहिली आठ अक्षरं सारखीच आहेत. सरांना ‘लास्ट -डब्ल्यू’ चालवायला सांग, त्याने पूर्ण नाव छापलं जातं. शेवटचं अक्षर एम निघालं तर मात्र हे उत्तर त्यांना दाखवू नकोस. दोघांचा यूआयडी, म्हणजे खात्याचा क्रमांक, वेगळा आहे, तेव्हा गेमच्या फाइली कोणाच्या मालकीच्या आहेत हे ‘एलएस -एन’ने आकड्यातही कळेल. मराठी आडनावांच्या गावात लॉगिन देताना आद्याक्षर पुढे ठेवावं, हे मी इथल्या कॉलेजांनाही सांगून थकलो. जोशी आणि राणे आपले सुटतात, कुलकर्णी आणि देशपांडे अडकतात.

प्रश्न : बॅकअप रोज रात्री जागा संपल्याने थांबतो. शोधलं तर व्हार-लॉगमधली लास्टलॉग फाइल 1.2 टीबीची! डिस्क आहे 500 जीबीची. हे कसं शक्य आहे? — रावपुरा, वडोदरा

उत्तर : शक्य आहे, कारण ती फाइल जवळजवळ पूर्ण पोकळ आहे. लास्टलॉगमध्ये प्रत्येक यूआयडीसाठी 292 बाइटची जागा ठरलेली असते, आणि ती यूआयडीच्या क्रमांकावरच असते. तुमच्याकडे कुणाचा तरी यूआयडी 4294967294 आहे, जुन्या एनएफएसमधला (नेटवर्कवरून फाइली वाटण्याच्या पद्धतीतला) ‘नोबडी’ असा असायचा. त्या नावाने एकदा नोंद झाली की फाइलीचं शेवटचं टोक तिथे जातं. मधे काहीच लिहिलेलं नसल्याने डिस्कवर जागा लागत नाही. ‘एलएस’ टोक सांगतं, ‘डीयू’ खरी व्यापलेली जागा सांगतं, दोन्ही चालवून बघा. तुमचा बॅकअप प्रोग्रॅम मात्र ती पोकळी शून्यांनी भरून लिहीत बसतो. टारला कॅपिटल ‘-एस’ द्या, आरसिंकला ‘स्पार्स’, किंवा ही फाइल बॅकअपमधून सरळ वगळा. विंडोजच्या डोमेनला जोडलेल्या सर्व्हरवरही असे फुगीर आकडे दिसतात, कारण तिथले यूआयडी कोटींच्या घरात असतात.

प्रश्न : डेबियन 13 (लिनक्सचं एक वितरण) वर गेलो आणि ‘लास्ट’ व ‘लास्टलॉग’ कमांड्सच गायब. कुणी हल्ला करून पुसल्या असतील का? — एक वाचक

उत्तर : डेबियननेच काढल्या. ऑगस्ट 2025 च्या या आवृत्तीत त्या मुळात येत नाहीत. जुन्या नोंदींमध्ये वेळेसाठी 32 बिटच राखलेले आहेत, आणि ते 19 जानेवारी 2038 ला, आपल्या सकाळी 8:44:07 ला, संपतात. ‘लास्ट’साठी ‘डब्ल्यूटीएमपीडीबी’ आणि शेवटच्या भेटीसाठी ‘लास्टलॉग2’ ही पॅकेजेस घाला. दोन्हींबरोबर त्यांची पॅम मॉड्यूल्सही (लॉगिनच्या वेळी चालणारे छोटे भाग) घालावी लागतात, नाहीतर कमांड चालते पण यादी रिकामी येते आणि तुम्ही मला पुन्हा पत्र लिहिता. चुकलेल्या लॉगिनसाठी आता ‘जर्नलसीटीएल’ पाहायचं. अपग्रेडच्या आधीची जुनी डब्ल्यूटीएमपी फाइल डिस्कवर असेल तर टाकू नका, अजून जुनं वितरण चालणाऱ्या कुठल्याही मशीनवर नेऊन ‘लास्ट -एफ’ने वाचता येते.